वजनकाट्यावरचं घर

"चोवीसशे!" काटेवाला खिडकीतून ओरडला.

"परत बघा," मी म्हणाले.

"ताई, काटा काय पुढारी हाय व्हय, मगाशी एक आन् आता एक बोलायला? चोवीसशे म्हंजे चोवीसशे."

काट्याच्या लोखंडी पाटावर उभी असलेली ती पांढरी गाडी मी चार महिने खपून बांधली होती. बेकरीची जुनी डिलिव्हरी व्हॅन, आणि आता आत चूल, पलंग, मोरी, कपाटं असं सगळं असलेलं फिरतं घर. परवानगीच्या नकाशावर मी माझ्या हातानं लिहिलं होतं : रिकाम्या गाडीचं वजन एकवीसशे साठ किलो. वीस किलो इकडेतिकडे चालतात. दोनशे चाळीस म्हणजे आत तीन-चार पैलवान लपवल्यासारखं झालं.

मोटार वाहन निरीक्षक देवकुळे साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "कुणी बांधली ही?"

"मी."

साहेबांनी माझ्या मागे उभ्या असलेल्या आबांकडे पाहिलं. लोक असं पाहायचेच. आबा म्हणजे माझे वडील, ज्ञानू मिस्त्री. कोल्हापुरातल्या निम्म्या ट्रकांची बॉडी त्यांच्या हातची, त्यामुळे काट्यावर थांबलेल्या चार-पाच ड्रायव्हरांनीही आधी त्यांनाच रामराम घातला होता.

"तिचंच काम हाय," आबा म्हणाले आणि जमिनीकडे बघत राहिले.

मला त्या बघण्याचा राग आला. आपली पोरगी चुकली हे त्यांनी मनात पक्कं केलंय, असंच मला वाटलं.

आमच्यात ठरलेलं होतं. आबांचं वय सदुसष्ट, गुडघा कामातून गेलेला. उद्यमनगरातली आमची शेड एका फरशीवाल्याला हवी होती. मी सत्तावीस वर्षांची. स्थळं यायची आणि माझ्या हातावरचे वेल्डिंगचे डाग बघून चहा पिऊन परत जायची. मला त्याचं फारसं दुःख नव्हतं, मला शेड हवी होती. तसं मी सरळ सांगितलं तेव्हा आबा आठ दिवस बोलले नाहीत. मग एका सकाळी म्हणाले, "ही बेकरीची गाडी तू एकटीनं बांध. पास झाली तर शेड तुझी. दसऱ्यापतोर न्हाई झाली, तर फरशीवाल्याला हो म्हणतो. मग माझ्या नावानं खडे फोडायचं न्हाईत."

दसरा चार दिवसांवर आला होता.

"साहेब, आज नाही झालं तर?" मी विचारलं.

"तर नवीन अर्ज, नवीन तारीख. महिना तरी जाईल." साहेबांनी घड्याळ पाहिलं. "दोन वाजता मला निघायचं आहे. आता साडेबारा झालेत. काही सुचत असेल तर करा."

मला सुचण्यासारखं एकच होतं, की माझं चुकलेलं नाही. हा गर्व म्हणा हवं तर, पण तो हिशोबाचा गर्व होता. आबा एका लोखंडी अँगलनं भागेल तिथे दोन घालणारे. ट्रकाला ते शोभतं. घर घेऊन घाटात चढणाऱ्या जुन्या व्हॅनला शोभत नाही. म्हणून मी पातळ अ‍ॅल्युमिनियम आणि हलकी प्लाय वापरली होती आणि शेजारच्या मुल्ला भंगारवाल्याच्या काट्यावर प्रत्येक फळी, प्रत्येक बिजागरी तोलून मगच गाडीत बसवली होती. प्रत्येक फळीच्या मागे पेन्सिलीनं तिचं वजन लिहिलेलं होतं. आबा ते बघून म्हणायचे, "घर बांधतीस का सोनं इकतीस?"

मी गाडीच्या मालकांकडे वळले. हिंदूराव चौगुले आणि त्यांच्या पत्नी यमुनाकाकू काट्याच्या कडेला नवे कपडे घालून उभे होते. हिंदूरावकाका त्याच बेकरीत सव्वीस वर्षं ड्रायव्हर. हीच गाडी चालवून निवृत्त झाले आणि मालकानं ती मोडीत काढायची ठरवली तेव्हा यांनीच विकत घेतली. आता सहा महिने दोघं देश बघायला जाणार होते. गाडी मी तीनदा धुतली तरी आत खारी-बटरचा वास यायचा आणि मुंग्या काही केल्या जात नव्हत्या. काम चालू असताना काकू रोज यायच्या. चूल पूर्वेला तोंड करून हवी, हा त्यांचा हट्ट. "काकू, गाडी वळली की पूर्व पण वळणार," असं मी सांगितलं तर म्हणाल्या, "मग सैपाकाच्या वेळेला ह्यांना गाडी नीट लावाय सांगीन. सव्वीस वर्षं दुकानाफुडं लावलीया, एकदा माझ्यासाठी लावतील."

"काकू," मी विचारलं, "काल संध्याकाळी तुम्ही गाडीची पूजा केलीत. आत काही ठेवलंय का?"

"न्हाई बाई. जरासं."

"जरासं म्हणजे किती?"

"आता साहेब घर बघाय येणार म्हटल्यावर रिकामं कसं दाखवायचं?" काकूंना माझ्या प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. "पावणा घरात आला आन् घरात दाणा न्हाई, पाणी न्हाई? ते घर म्हणायचं का खोकं? साहेबांसाठी च्याची बी तयारी ठेवलीया."

देवकुळे साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मला हसू फुटलं ते आवरलं नाही.

"पाण्याची टाकी?"

"काठोकाठ. रिकाम्या घागरीनं कुणी भाईर पडतं व्हय?"

"शंभर किलो!" मी ओरडले आणि गाडीखाली जाऊन टाकीचा नळ सोडला.

पाणी वाहून जाईपर्यंत मी दार उघडून आत शिरले. चुलीखालच्या कपाटात पाटा-वरवंटा. मिक्सर चालणार नाही म्हणून घेतलेला, अख्ख्या दगडाचा. मी तो दोन्ही हातांनी उचलून खाली दिला आणि मोठ्यानं सांगितलं, "चोवीस किलो!" मग ज्वारीचं पोतं, "वीस!" लोणच्याच्या तीन बरण्या, "अकरा!" कुकर, परात, दोन तवे, तांब्याचा हंडा. माझ्या हाताला वजनं पाठ होती आणि ती लोकांना कळावीत असंही मला वाटत होतं. ड्रायव्हर जवळ सरकले. एकानं सामान उतरवून घ्यायला सुरुवात केली. दुसरा म्हणाला, "आज्जी, म्हस ऱ्हायली का आत?" सगळे हसले. काकूही हसल्या, पण पदराचं टोक त्यांनी हातात गुंडाळून घेतलं होतं. ते मी पाहिलं आणि तेव्हा त्याचा काही विचार केला नाही.

गाडी पुन्हा काट्यावर.

"बावीसशे तीस!"

सत्तर किलो अजून जास्त. आत डोळ्यांना दिसणारं काही उरलं नव्हतं. उरला होता फक्त पलंगाखालचा कप्पा, आणि त्याला कुलूप होतं. कुलूप मी लावलेलं नव्हतं.

"काकू, किल्ली."

"त्यात काय न्हाई."

"काकू, सत्तर किलो आहेत. काय न्हाईचं वजन एवढं होत नाही."

"किल्ली घरी ऱ्हायली."

किल्ली त्यांच्या कनवटीला होती. चालताना तिचा आवाज यायचा. हिंदूरावकाका मध्ये पडले, "वैजू, ऱ्हाऊ दे की. कपडेलत्ते हाईत." ते बोलले तेव्हाही मी थांबायला हवं होतं. पण पलंग मी बांधलेला होता. कुलपाला हात न लावता मागच्या बिजागरीचे चार स्क्रू काढले की फळी उचलते हे मला माहीत होतं. काटेवाला घड्याळ दाखवत होता, आबा अजून जमिनीकडे बघत होते, आणि मला जिंकायचं होतं. मी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

फळी उचलली तर सगळ्यात वर एक पितळी पाटी होती. हिंदूराव रामचंद्र चौगुले. चारही कोपऱ्यांत गंजलेले स्क्रू तसेच होते आणि एका स्क्रूला भिंतीचा गिलावा चिकटलेला होता. तिच्याखाली भिंतीवरचं घड्याळ. घोंगडीत गुंडाळलेली शिलाई मशीन, नुसतं वरचं मुंडकं. बाजूला तांबड्या कापडाचं गाठोडं. गाठोड्याची गाठ सैल होती आणि आतले चांदीचे टाक दिसत होते. खंडोबा, अंबाबाई, आणि घरातल्या पूर्वजांचे दोन.

सहलीला जाताना कुणी देवघरातले टाक घेऊन जात नाही. टाक जातात तिथे घर जातं, एवढं आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक असतं.

काकू माझ्या मागे गाडीत चढल्या होत्या. त्यांनी दार आतून ओढून घेतलं.

"तुम्ही परत येणार नाही," मी म्हणाले.

"हळू बोल." त्या पलंगाच्या कडेला बसल्या. "बाळूला यातलं काय ठाव न्हाई. त्यो पेढे आणाय गेलाय. आईबाप देश बघाय निघाले म्हणून दुकानातल्या सगळ्यास्नी सांगत सुटलाय."

"त्रास देतात का ते?"

"छ्या! गुणाचा हाय पोरगा. सून बी चांगली हाय. जुनं घर पाडून दोन मजली बांधलं त्यानं. आमाला पंख्याखाली पलंग दिला, येळेवर ताट येतं." काकूंनी पाटीवरून अंगठा फिरवला. "पण वैजू, चार वर्षांत मी माझ्या हातानं मला च्या केला न्हाई बघ. गॅसजवळ गेलं की सून धावत येती, आत्या, तुम्ही बसा. बसून बसून मी पावणी झाले गं. मला पावणी म्हणून मरायचं न्हाई."

मी जे जे उचलून बाहेर दिलं होतं, ते काट्याच्या कडेला धुळीत पडलं होतं. पाटा, बरण्या, हंडा. मी वजनं ओरडत होते आणि लोक हसत होते. मला माझीच लाज वाटली. सांगायला वाईट वाटतं, पण तोवर मला हे सामान सामानच वाटत होतं.

"हे भाईर न्हाई काढायचं," काकू म्हणाल्या. "त्यो आता यील. देव असं बघितलं तर त्याला बोलाय काय ऱ्हाईल?"

मी फळी खाली ठेवली. ठेवताना मशीनचं मुंडकं आणि गाठोडं दोन्ही उचलून पाहिलं, हाताची सवय. घड्याळ आणि पाटी धरून सगळं मिळून तीस किलो. फार तर बत्तीस. मग उरलेले चाळीस कुठले? म्हणजे माझंही चुकलं होतं. प्रत्येक फळी तोलूनसुद्धा.

पण हे चाळीस कुठले ते शोधायचं तर आधी ते तीस बाहेर काढावे लागणार होते. मी चारही स्क्रू पुन्हा आवळले, दार उघडलं आणि खाली उतरले.

"साहेब," मी म्हणाले, "आत आणखी काही नाही. उरलेले सत्तर किलो माझे. हिशोब चुकला."

ड्रायव्हरांचं हसणं थांबलं. साहेबांनी मला एकदा नीट पाहिलं. "नक्की? मघाशी तर तुम्ही किलोकिलोनं भांडत होता."

"नक्की. माझं काम, माझी चूक."

हे बोलताना माझा आवाज अजिबात कापला नाही, याचा मला आजही अभिमान आहे. शेड गेली, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळत होतं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि कागद बॉनेटवर ठेवला.

"थांबा साहेब," आबा म्हणाले.

ते लंगडत पुढे आले. टोपी काढून त्यांनी हातात घेतली. ती त्यांनी कुणापुढे काढलेली मी पाहिली नव्हती.

"सत्तर तिचं न्हाईत. त्यातलं अडतीस माझं हाईत."

"म्हणजे?"

"ती मिरजेला गेलती, गाद्यांचा फोम आणाय. दोन दिवस. मी गाडीखाली जाऊन बघितलं. सगळा पत्र्याचा कारभार. माझ्या जीवाला काय चैन पडंना. म्हटलं घाटात खाली बसली तर दोन म्हातारी माणसं मरतील आन् पोरगी जन्मभर तोंड लपवंल. म्हणून तळाला अँगलच्या दोन पट्ट्या मारल्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "वेल्डिंग केलं असतं तर हिला लगेच कळलं असतं. म्हणून नटबोल्टावर बसवल्या आन् वर काळा रंग दिला."

"आबा!" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"अडतीस हे कसं सांगता?" साहेबांनी विचारलं.

"तोलून घातल्यात. मुल्लाच्या काट्यावर." आबांनी टोपी उलटसुलट केली. "ही सगळं तोलती म्हणून मी बी तोललं. मला वाटलं, अडतीस किलोनं काय हुतंय? आन् मगाशी आकडा ऐकला तवाच बोलाय पायजे हुतं. पर ह्या सगळ्या माणसांत जीभ उचलंना. चाळीस वर्षांत कुणाच्या कामाला चोरून हात लावला न्हाई साहेब, आन् लावला त्यो पोरीच्याच."

ज्ञानू मिस्त्रीला असं बोलताना ऐकणं हे त्या ड्रायव्हरांनाही अवघड गेलं असावं. त्यातला एक उगाचच स्वतःच्या ट्रकाचा टायर बघायला गेला. मला इतका राग आला होता की रडू आलं असतं तर बरं झालं असतं. चार महिने मी एकेक बिजागरी तोलत होते आणि या माणसानं माझ्या पाठीमागे अडतीस किलो अविश्वास बोल्टानं आवळून ठेवला होता. आणि त्याच वेळी असंही वाटत होतं, की माझं चुकलेलं नाही. माझा हिशोब बरोबर होता. राग आणि आनंद एकाच वेळी इतके मोठे असू शकतात हे मला माहीत नव्हतं.

साहेबांनी टोपण पुन्हा लावलं. "अडतीस त्यांचे. मग बाकीचे बत्तीस?"

मी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला.

गाडीचं दार उघडलं. यमुनाकाकू तांबडं गाठोडं छातीशी धरून पायरीवर उभ्या होत्या. मागून हिंदूरावकाका घोंगडीतलं मशीन, घड्याळ आणि पाटी घेऊन वाकत उतरले. मी आवळलेले स्क्रू आवळलेलेच होते. काकूंनी कुलूप उघडलं होतं.

"ते आमचं हाईत साहेब," काकू म्हणाल्या. "पोरीनं उगाच अंगावर घेतलं."

"काकू, बाळू येईल," मी हळूच म्हणाले.

"यीना का. सांगीन त्याला. त्याच्या बापाची पाटी हाय, त्यानं एकदा वाचावी तरी." त्या काट्याजवळच्या लिंबाखालच्या बाकावर गाठोडं मांडीवर घेऊन बसल्या. मघाशी पदर गुंडाळणारे हात आता स्थिर होते. बाळू आला तेव्हा पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवून आईजवळ बराच वेळ बसला. ती दोघं काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, आणि मी ऐकायला गेले नाही. एवढंच दिसलं की उठताना आईच्या मांडीवरचं गाठोडं त्यानं दोन्ही हातांनी उचललं.

"पाऊण तास आहे," साहेब म्हणाले. "पट्ट्या काढता येतात का इथे?"

गाडी त्या दिवशी पावणेदोनला पास झाली. एकवीसशे बासष्ट किलो. वरचे दोन किलो काळ्या रंगाचे की मुंग्यांचे, यावर आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षं वाद चालला. गाडीच्या दाराजवळ हिंदूरावकाकांची ती पितळी पाटी मी स्वतः बसवली. ती दोघं वर्षातून एकदा गाडी तपासायला शेडवर यायची, आणि मला चहा प्यायला गाडीत बोलवायची. चहा काकूच करायच्या, गाडी पूर्वेकडे तोंड करून लावल्यावर.

शेड मला मिळाली ती मात्र पावणेदोनला नाही. ती त्याच्या जरा आधी मिळाली.

आबा आमच्या हत्यारांच्या पेटीतून पाने घेऊन आले. "मी काढते," मी म्हणाले. ते ऐकले नाहीत. दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकून ते काट्याच्या धुळीत उताणे झाले आणि सरपटत गाडीखाली गेले. बाहेर फक्त त्यांचे पाय उरले. मी चाकाशेजारी उकिडवी बसले. राग अजून गेला नव्हता, आणि इतक्यात जाणारही नव्हता.

थोडा वेळ आतून काहीच आवाज आला नाही. पानाही फिरला नाही.

मी सातवीत असल्यापासून शेडमध्ये जात होते. कुठला खिळा आधी, कुठली फळी नंतर, हे सगळं मी त्यांना विचारत आले होते. त्यांनी कधी कुणाला काही विचारल्याचं मला आठवत नव्हतं.

"वैजू," गाडीखालून आवाज आला, "आधी फुडची काढू का मागची?"

मी वाकून आत पाहिलं. ते खरंच थांबले होते. पाना बोल्टाला लावून, माझ्याकडे बघत.

"मागची," मी म्हणाले.

आबांनी मागची काढायला घेतली.